अमेरिकेत स्टुडंट लोनचे नियम ठरतात कसे आणि आपण कुठे चुकतो (या चुका टाळा)

नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॉट्सॲपवर एक मेसेज जोरात फिरला, की अमेरिकन सरकारने नर्सिंगला प्रोफेशनल डिग्रीच्या यादीतून काढून टाकलं. मग कोणी म्हणालं लायसन्स जाणार, कोणी म्हणालं मुलीने नुकतीच बीएसएनला (नर्सिंगच्या बॅचलर डिग्रीला) ॲडमिशन घेतलीय आता काय, आणि बाकीच्यांनी सरकारला चार शिव्या घालून विषय संपवला. मेसेज अर्धा खरा होता. पण हे ठरवलं कोणी, कुठल्या टप्प्यावर, आणि त्यात अजून काही बोलायची संधी आहे का, हे विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. खरं तर सगळी गंमत तिथेच आहे.

आपल्याला सवय जीआरची. मंत्रालयातून जीआर निघतो, वेबसाइटवर पीडीएफ पडते, मग आपण वाचून डोक्याला हात लावतो. अमेरिकेत फेडरल स्टुडंट लोन आणि पेल ग्रँटचे (गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी, परत न करायची सरकारी मदत) नियम असे निघत नाहीत. १९६५ चा हायर एज्युकेशन ॲक्ट आहे, त्यातलं टायटल फोर म्हणजे सगळं फेडरल एड, आणि या टायटल फोरचा नियम करायचा तर एज्युकेशन डिपार्टमेंटला आधी ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांच्याशी टेबलावर बसून वाटाघाटी कराव्या लागतात, हे कायद्यातच लिहिलंय. याला निगोशिएटेड रूलमेकिंग म्हणतात, या क्षेत्रातली मंडळी नुसतं नेग-रेग म्हणतात, आणि त्या टेबलावर बसणारा गट म्हणजे कमिटी. मुलं अमेरिकन सिटिझन किंवा ग्रीनकार्डवाली असतील, किंवा तुमच्या स्वतःच्या डोक्यावर तिथलं फेडरल लोन असेल, तर हे तुमच्या खिशाशी थेट संबंधित आहे.

काँग्रेसचं (म्हणजे अमेरिकन संसदेचं) भांडण कमिटीशी भांडणं

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो इथे. प्रस्तावित नियमावर कोणीही डिपार्टमेंटला लेखी मत, म्हणजे कॉमेंट, पाठवू शकतं, तर लोक मोठमोठ्या कॉमेंट लिहितात की व्याजदर कमी करा, पेल ग्रँट वाढवा, लोनची लिमिट वाढवा. अहो पण हे डिपार्टमेंटच्या हातात नाहीच. फेडरल लोनचा व्याजदर २०१३ च्या कायद्याने ठरलेल्या सूत्राने निघतो, मे महिन्यातल्या लिलावातल्या दहा वर्षांच्या ट्रेझरी नोटचा दर अधिक अंडरग्रॅडसाठी २.०५ टक्के, ग्रॅडसाठी ३.६, प्लस लोनसाठी (पालकांना आणि ग्रॅड विद्यार्थ्यांना मिळणारं जास्तीचं कर्ज) ४.६, संपलं. पेल ग्रँटची कमाल रक्कम काँग्रेस बजेटमध्ये ठरवते, २०२३-२४ पासून ती ७,३९५ डॉलरवर अडकलीय ती काही डिपार्टमेंटमधल्या कोणा बाबूमुळे नाही.

आता नर्सिंगचंच घ्या, कारण यात दोन्ही गोष्टी मिसळल्यात. ४ जुलै २०२५ ला जो मोठा कायदा सही झाला (तोच, 'वन बिग ब्यूटिफुल' वाला) त्याने नवीन विद्यार्थ्यांसाठी १ जुलै २०२६ पासून ग्रॅड प्लस लोन बंद केलं. आधी ग्रॅड प्लसमध्ये कॉलेजच्या पूर्ण खर्चाएवढं कर्ज मिळायचं. आता साध्या ग्रॅज्युएट प्रोग्रामला वर्षाला २०,५०० आणि एकूण एक लाख डॉलर, आणि 'प्रोफेशनल' प्रोग्रामला वर्षाला ५०,००० आणि एकूण दोन लाख. हे आकडे कायद्यातले आहेत, कमिटी त्यातला एक डॉलर इकडचा तिकडे करू शकत नाही. पण प्रोफेशनल म्हणजे कोण, याचं उत्तर देताना काँग्रेसने एका जुन्या नियमाकडे बोट दाखवलं, आणि त्या नियमात मेडिसिन, डेंटिस्ट्री, लॉ, फार्मसी, व्हेटर्नरी, थिऑलॉजी वगैरे दहा नावं उदाहरण म्हणून होती, यादी इथेच संपते असं काही लिहिलेलं नव्हतं. मग या उदाहरणांत अजून कोण बसतं, हे ठरवायचं काम कमिटीसमोर आलं. वाटाघाटी झाल्या त्या एवढ्यावर. क्लिनिकल सायकॉलॉजी आत आली, नर्सिंग, फिजिकल थेरपी, फिजिशियन असिस्टंट बाहेर राहिले.

म्हणजे "लिमिट वाढवा" ही मागणी तुमच्या काँग्रेसमनकडे करायची, आणि "अमुक प्रोग्राम प्रोफेशनलमध्ये का बसतो" हा मुद्दा डिपार्टमेंटकडे मांडायचा. उलटं केलंत तर दोन्हीकडून थँक यू चं छापील उत्तर येतं. आणि हो, लायसन्सचा याच्याशी काडीचा संबंध नाही, बीएसएन ही अंडरग्रॅड डिग्री असल्यामुळे तिला ही ग्रॅज्युएट लिमिट लागूच होत नाही, आणि जे आधीपासून त्या प्रोग्राममध्ये शिकतायत आणि ज्यांनी त्यासाठी आधीच फेडरल लोन घेतलंय त्यांना जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत जुन्या नियमाची सूट आहे. मेसेज फॉरवर्ड करणाऱ्यांनी हे तीन मुद्दे जरी लिहिले असते तरी अर्ध्या आईबापांची झोप वाचली असती.

कन्सेन्ससला बहुमत समजणं

सोसायटीच्या मीटिंगमध्ये हात वर करून बहुमत मोजतात तसं इथे नसतं. नेग-रेगमध्ये कन्सेन्सस म्हणजे टेबलावरच्या एकाही मेंबरचा विरोध नाही. एकाही. टेबलावर विद्यार्थी, कर्जदार, लीगल एडवाले, कॉलेजांचे फायनान्शियल एड ऑफिसर, पब्लिक कॉलेजं, प्रायव्हेट कॉलेजं, फॉर-प्रॉफिट कॉलेजं, राज्यांचे प्रतिनिधी असे वेगवेगळ्या गटांचे लोक असतात, प्रत्येकाला एक पर्यायी मेंबर, आणि त्यात एक जण खुद्द डिपार्टमेंटचा. चर्चा चालू असताना अंगठ्याने कौल घेतात, अंगठा वर म्हणजे मान्य, आडवा म्हणजे फारसं आवडलं नाही पण चालेल, खाली म्हणजे नाही. आडव्या अंगठ्याने कन्सेन्सस मोडत नाही, खालच्याने मोडतो.

मग लोकांना वाटतं अरे वा, म्हणजे एका विद्यार्थी प्रतिनिधीकडे व्हीटो आहे की! नाहीये. कन्सेन्सस झाला तर डिपार्टमेंटला प्रस्तावित नियमात तीच भाषा वापरावी लागते, वेगळं काही करायचं तर लेखी कारण द्यावं लागतं किंवा वाटाघाटी परत उघडाव्या लागतात. पण कन्सेन्सस मोडला तर डिपार्टमेंट मोकळं होतं आणि त्यांना हवी ती भाषा लिहू शकतं. म्हणजे अंगठा खाली करणाऱ्या माणसाला आधी हिशोब करावा लागतो, की समोर आहे ते वाईट आहे, पण मी मोडलं तर येणार ते याहून वाईट आहे का? काही जण त्यामुळेच नाक मुरडत आडवा अंगठा देतात. बाहेरून बघणारे त्यांना विकले गेले म्हणतात, मला ते पटत नाही. त्या खुर्चीत बसून बघा म्हणजे कळेल.

याचं ताजं उदाहरण पीएसएलएफचं. पब्लिक सर्व्हिस करणाऱ्यांना १२० हप्त्यांनंतर लोन माफ होतं ती स्कीम. कुठल्या संस्थेला पात्र एम्प्लॉयर मानायचं नाही यावर २०२५ च्या जून-जुलैमध्ये तीन दिवस कमिटी बसली, कन्सेन्सस झाला नाही. त्याने नियम थांबला का? ऑगस्टमध्ये डिपार्टमेंटने स्वतःच्या भाषेत प्रस्तावित नियम काढला आणि ऑक्टोबर संपता संपता फायनल केला. 'कमिटीत फेल झालं' ही हेडलाइन वाचून जे निवांत झाले त्यांचा कॉमेंटचा महिना तसाच निघून गेला.

उलट बाजूही आहे. कन्सेन्सस झाला की कमिटीतले मेंबर साधारणपणे आधीच कबूल करून बसलेले असतात की त्या भाषेच्या विरोधात आम्ही नंतर कॉमेंट करणार नाही. म्हणजे तुमच्या बाजूचा म्हणून जो माणूस टेबलावर होता तो पुढच्या टप्प्यात गप्प असणार. त्याच्या भरवशावर राहू नका, पुढचं तुम्हालाच लिहावं लागतं.

वरातीमागून घोडं

क्रम साधारण असा असतो. आधी फेडरल रजिस्टरमध्ये (अमेरिकन सरकारचं राजपत्र) नोटीस येते की आम्ही अमुक विषयावर कमिटी करतोय. पब्लिक हिअरिंग होतात, मेंबरसाठी नावं मागवतात. मग कमिटीची सत्रं, मग प्रस्तावित नियम, मग कॉमेंटची मुदत (बऱ्याचदा ३० दिवस, कधी ४५ किंवा ६०), मग फायनल नियम. आणि एक तारीख लक्षातच ठेवा, १ नोव्हेंबर. त्या तारखेपर्यंत फायनल झालेला नियम पुढच्या १ जुलैला लागू होतो, नाहीतर एक अख्खं वर्ष पुढे जातो. अपवाद आहेत, सेक्रेटरी (म्हणजे शिक्षणमंत्री) काही तरतुदी लवकर लागू करायची परवानगी देऊ शकतात. पण ऑक्टोबरच्या शेवटी डिपार्टमेंटची एवढी धावपळ का चालते याचं कारण ही तारीख.

सामान्य माणूस जागा होतो फायनल नियमाच्या बातमीने. तोपर्यंत सगळं झालेलं असतं. सगळ्यात स्वस्तात सगळ्यात जास्त वजन पडतं ते सुरुवातीच्या हिअरिंगला, कारण तेव्हा अजून कागदावर एक ओळही लिहिलेली नसते, अजेंडाच ठरत असतो. तिथे गर्दीही तुलनेने कमी असते. फेडरल रजिस्टरवर फुकट ईमेल अलर्ट लावता येतो, एज्युकेशन डिपार्टमेंट सिलेक्ट करायचं, बास. मेल रटाळ असतात, पण विषयाची ओळ वाचायला किती वेळ लागतो.

प्रेस रिलीजला नियम समजून घरचं बजेट करणं

ही चूक महागात पडते. २०२२ ला दहा हजार ते वीस हजार डॉलर माफीची घोषणा झाली, ती नेग-रेग न करता, २००३ च्या हीरोज ॲक्टचा आधार घेऊन. ३० जून २०२३ ला सुप्रीम कोर्टाने ती उडवली. मग सरकारने दुसरा रस्ता धरला, रीतसर कमिटी बसवली, एप्रिल २०२४ मध्ये प्रस्तावित नियमही आला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तो मागे घेतला. सेव्ह प्लॅन (उत्पन्नाप्रमाणे हप्ता ठरवणारी परतफेडीची योजना) तर त्याच्याही पुढे गेला होता, जुलै २०२३ मध्ये फायनल नियम झाला, लोकांनी नावं नोंदवली, हप्ते कमी झाले, आणि २०२४ मध्ये कोर्टाने अडवला. लाखो लोक मधेच लटकले.

गेनफुल एम्प्लॉयमेंटचा नियम (ज्या कोर्सनंतर पगारच मिळत नाही त्याचं फेडरल एड बंद करायचं, असा) हा तर पिंगपाँगच आहे. २०११ ला आला, २०१२ ला कोर्टाने त्याचा मुख्य भाग रद्द केला, २०१४ ला परत आला, २०१९ ला नवीन सरकारने काढून टाकला, २०२३ ला परत आणला.

म्हणून बातमी वाचली की स्वतःला विचारायचं, हे घोषणा, प्रस्तावित की फायनल? फायनल असेल तर लागू कधीपासून? आणि कोर्टात केस आहे का? फायनल नियमाच्याही पुढे कोर्ट असतं हे लोक विसरतात. जून २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने जुना शेव्हरॉन सिद्धांत मोडीत काढला, तेव्हापासून कायद्याचा अर्थ लावताना एजन्सीचंच ऐकायचं हे बंधन कोर्टांवर राहिलं नाही.

कॉमेंट लिहिताना

कॉपी-पेस्ट पत्र पाठवू नका. हजार लोकांनी तेच पत्र पाठवलं तर त्या सगळ्यांना मिळून एकच उत्तर येतं, कारण डिपार्टमेंटला मुद्द्यांना उत्तर द्यायचं असतं, डोक्यांना नाही. फायनल नियमाच्या सुरुवातीला जो लांबलचक भाग असतो त्यात प्रत्येक महत्त्वाच्या मुद्द्यावर आम्ही हे मानलं किंवा का नाही मानलं हे लिहावं लागतं, आणि पुढे कोर्टात केस गेली की वकील तोच भाग पिंजून काढतात. त्यामुळे "हा अन्याय आहे" एवढं लिहून काही होत नाही. कुठलं सेक्शन, त्यातलं कुठलं वाक्य, त्याने तुमच्या घरात नेमका काय फरक पडतो, किती डॉलरचा पडतो, आणि त्याऐवजी काय लिहायला हवं, हे लिहा. दोन पानं पुरतात. प्रस्तावात डिपार्टमेंटने स्वतःहून काही प्रश्न विचारलेले असतात, त्यातल्या एखाद्याचं उत्तर आकड्यांसकट दिलंत तर ते हमखास वाचलं जातं.

कॉमेंट रेग्युलेशन्स डॉट गव्हवर जाते आणि ती जगाला दिसते. सोशल सिक्युरिटी नंबर, लोन अकाउंट नंबर, मुलाची जन्मतारीख असलं काही टाकू नका. हे सांगायला लागू नये, पण लोक टाकतात. डॉकेट नंबर (त्या नियमाच्या फाइलचा नंबर) तपासा, एकाच वेळी दोन तीन नियम उघडे असले की भलत्याच फाइलमध्ये कॉमेंट जाते. मुदत ईस्टर्न टाइमने संपते, कॅलिफोर्नियात बसून रात्री जेवण झाल्यावर बघू म्हणाल तर तीन तास आधीच दार बंद झालेलं असतं.

कॉमेंट करायला सिटिझन असावं लागत नाही. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर असलेल्यांना फेडरल लोन मिळत नाही, एच-४ (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) वरच्यांनाही नाही, पण मत मांडायला कोणी अडवत नाही. आणि उलट, आईवडील व्हिसावर आहेत म्हणून सिटिझन मुलाचा फाफ्सा (फेडरल एडचा अर्ज) भरायचाच नाही हा जो गैरसमज आपल्यात आहे तो सोडा, पात्रता मुलाची बघतात.

मुदत हुकलीच तर

अजून एक खिडकी असते जी फारशी कोणाला माहीत नसते. फायनल होण्याआधी मोठे नियम व्हाइट हाऊसच्या बजेट ऑफिसातल्या ओआयआरए नावाच्या विभागाकडे तपासणीला जातात, आणि त्या काळात कोणीही त्यांच्याकडे मीटिंग मागू शकतं. फोनवर किंवा व्हिडिओवर होते, थोडाच वेळ मिळतो, समोरचे अधिकारी नुसतं ऐकून घेतात, मत देत नाहीत. एकट्याने जाण्यापेक्षा कॉलेजच्या एड ऑफिसरला किंवा एखाद्या कर्जदार संघटनेला बरोबर घ्या, तुमचा अनुभव आणि त्यांचे आकडे एकत्र गेले तर त्या थोड्या वेळाचं काहीतरी चीज होतं. नियम तपासणीला गेलाय का हे रेगइन्फो डॉट गव्हवर दिसतं, तिथूनच मीटिंगची विनंतीही टाकता येते.