छापा, पंचनामा आणि प्रेमकथा

दिवाळी अंकासाठी पोलिसी रहस्यकथा लिहायचीय, त्यात प्रेमही हवंय, सुरुवात कुठून करू, असं लातूर-परभणीकडची नवी पोरं-पोरी विचारतात. मी सांगते, पिस्तूल राहू द्या, आधी १९५६ चा ‘पिटा’, म्हणजे अनैतिक व्यापार (प्रतिबंध) कायदा वाचा.

मानवी तस्करीवरच्या कथेत नायक हमखास नाव बदलून महिनोन्‌महिने टोळीत राहतो. आपल्याकडचा छापा बहुतेकदा एका संध्याकाळचा खेळ असतो. खबऱ्याची टीप येते, बनावट ग्राहक म्हणून पंटर तयार होतो. त्याला दिलेल्या नोटांचे नंबर पंचांसमोर, म्हणजे त्रयस्थ साक्षीदारांसमोर, लिहून घेतात, पंच सह्या करतात. पंटर लॉजचा जिना चढतो आणि बाकीचे खाजगी गाडीत मिस्ड कॉलची वाट बघत बसतात. तो कॉल येईपर्यंत दोन पानं लिहिता आली, तर गोळीबाराची गरजच नाही.

कायद्याचे अडथळे कथेच्या कामाचे असतात. वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर सोबत किमान दोन महिला पोलीस लागतात, पंचांतही किमान एक बाई लागते. शिवाय ही झडती घेणारा ‘विशेष पोलीस अधिकारी’ निरीक्षकाच्या खालच्या दर्जाचा चालत नाही. म्हणजे तुमचा तरणाबांड पीएसआय (उपनिरीक्षक) एकटा दार तोडून आत शिरला, की आरोपीच्या वकिलाचं निम्मं काम तिथंच झालं!

आता प्रेम. सुटका झालेली मुलगी आणि तिला सोडवणारा अधिकारी ही जोडी कृपा करून नको. ती मॅजिस्ट्रेटसमोर जाते, चौकशी होईपर्यंत संरक्षणगृहात राहते. ज्याच्या एका जबाबावर आपलं पुढचं सगळं अवलंबून आहे, त्याला ती ‘नाही’ म्हणणार कशी?

त्यापेक्षा पंच घ्या. तालुक्याच्या सरकारी ऑफिसातला एखादा क्लार्क, साहेबांनी पाठवला म्हणून आलेला, घाबरलेला. पथकातली महिला शिपाई त्याला म्हणते, “सर, नंबर नीट वाचा, उद्या कोर्टात तुम्हालाच सांगायचंय.” इथून ओळख वाढू द्या. पण पंच त्रयस्थ असावा लागतो. खटला उभा राहील तेव्हा वकील विचारणारच, “या मॅडमशी तुमचे काय संबंध?” खरं बोलला तर केस ढिली, खोटं बोलला तर शपथ मोडली. प्रेम आणि रहस्य एकाच गाठीत बसतं ते असं.

खलनायक मात्र काळ्या गाडीतून आणू नका. दसऱ्यानंतर बीडकडची ऊसतोडीची जोडपी उचल (आगाऊ पैसे) घेऊन साखर कारखान्याकडं जातात, पोरगी आजीपाशी राहते. तिच्यासाठी ‘चांगलं स्थळ’ घेऊन येणारी बाई गावात सगळ्यांच्या ओळखीची असते, आजी तिला चहा पाजते. हा चहा सविस्तर लिहा.

कलमं देताना काळ सांभाळा. १ जुलै २०२४ पासूनच्या तस्करीच्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहितेचं कलम १४३, त्याआधीच्या गुन्ह्याला भादंविचं (भारतीय दंड संहितेचं) ३७०. बातमीतल्या खऱ्या मुलीचं गाव, शाळा, काहीही उचलू नका.

आणि ई-कोर्ट्स या कोर्टांच्या वेबसाइटवर निकालपत्रं फुकट मिळतात. त्यात पंचाची साक्ष कुठं फुटली, तेवढा भाग आधी शोधून वाचा.