कोलोनमधली संध्याकाळ: या चुका टाळा

जर्मनीतल्या कोलोनला आलेला पाहुणा दिवसा कॅथेड्रल बघतो आणि संध्याकाळी ऱ्हाइन नदीकाठच्या जुन्या शहरातल्या एखाद्या ब्राउहाउसमध्ये, म्हणजे बिअरच्या पारंपरिक खानावळीत, जाऊन बसतो. लांबलचक लाकडी टेबलं, एकाच कंपनीची बिअर आणि भरपेट जेवण असा तो प्रकार. गडबड होते ती इथेच, कारण इथले नियम भिंतीवर लिहिलेले नसतात. ते टेबलावरच्या पुठ्ठ्याच्या गोल चकतीत असतात.

ग्लास रिकामा झाला आणि तसाच ठेवला

क्योल्श ही इथली बिअर 0.2 लिटरच्या उभट, पातळ काचेच्या ग्लासातून देतात. ग्लास मुद्दामच लहान ठेवलेला असतो. मोठ्या मगात तिचा फेस बसतो आणि शेवटचे घोट कोमट होतात. निळ्या पोशाखातला वाढपी, ज्याला इथे क्योबेस म्हणतात, भोकाभोकांच्या गोल तबकात भरलेले ग्लास घेऊन फिरत असतो. तुमचा ग्लास रिकामा दिसला की तो न विचारता दुसरा ठेवतो आणि चकतीच्या कडेला पेन्सिलीने एक रेघ ओढतो. हा आगाऊपणा नव्हे, रीतच आहे. नको असेल तर चकती उचलून ग्लासाच्या तोंडावर ठेवा. हात हलवून किंवा नुसतं ‘थँक्यू’ म्हणून भागत नाही.

ग्लास लहान म्हणून हिशेब सुटतो, तो वेगळाच. पाच रेघा म्हणजे एक लिटर, आणि क्योल्शमध्ये साधारण 4.8 टक्के अल्कोहोल असतं. चकती हेच तुमचं बिल, म्हणून ती फाडू नका, तिच्यावर काही खरडू नका, आठवण म्हणून खिशात तर मुळीच घालू नका. घरी न्यायची असेल तर कोरी मागा, सहसा देतात.

क्योबेस तुसडा बोलला तर मनाला लावून घेऊ नका. तिखट बोलणं हा त्या पेशाचा जुना बाज आहे. नुसतं पाणी मागितलं तर ‘साबण आणि टॉवेलही आणू का?’ हा ठरलेला विनोद ऐकावा लागेल. बिअर घेणार नसाल तर सरळ आपफेलशोर्ले, म्हणजे सोडा घातलेला सफरचंदाचा रस, मागवा. पाणीच हवं असेल तर ‘श्टिलेस वासर’ म्हणा. नुसतं ‘वासर’ म्हटलं की बहुधा बुडबुड्यांचं येतं, आणि पैसे दोन्हीचे पडतात. ‘आल्ट’ मात्र मागू नका. ती शेजारच्या ड्युसेलडॉर्फची बिअर, आणि दोन्ही शहरांचं या बाबतीत वाकडं आहे.

नाव वाचून पदार्थ मागवला

‘हाल्व्हर हान’ याचा शब्दशः अर्थ अर्धा कोंबडा. प्रत्यक्षात येतो तो राईचा छोटा पाव, लोणी, गाउडा चीजचा जाड तुकडा, मोहरी आणि कांदा. कोंबडीच्या आशेने बसलेला हिरमुसतो आणि शाकाहारी माणूस भीतीपोटी नेमका हाच पदार्थ टाळतो. उलट ‘हिमेल उन एड’ म्हणजे ‘स्वर्ग आणि पृथ्वी’. त्यात सफरचंद आणि कुस्करलेला बटाटा असतो, पण वर डुकराच्या रक्ताच्या सॉसेजच्या परतलेल्या चकत्या असतात. मेटब्रोट्शेन म्हणजे पावावर चक्क कच्चा डुकराचा खिमा. ऱ्हाइनकाठचा साउअरब्रातन, म्हणजे आंबट पाण्यात मुरवून शिजवलेलं मांस, पूर्वी घोड्याच्या मांसाचा करत, आता बहुतेक ठिकाणी गोमांसाचा असतो.

‘मांस नको’ एवढं सांगून शाकाहारी माणसाची सुटका होत नाही. परतलेल्या बटाट्यांत, सॅलडवर, डाळीच्या सुपात श्पेक, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, पुष्कळदा असतातच; तो मसाल्यासारखा वापरतात आणि वाढणाऱ्याला ते मांस वाटतच नाही. म्हणून ‘ओने फ्लाइश, ओने श्पेक’ असं दोन्ही म्हणा. रायबेकूखन, म्हणजे किसलेल्या बटाट्याची तळलेली धिरडी, सफरचंदाच्या गोड चटणीबरोबर मागवणं त्यातल्या त्यात सुरक्षित, पण त्यांत अंडं असतं.

आपल्या सवयीने रात्री दहाला जेवायला जाऊ नका. दालन उघडं असतं, पण स्वयंपाकघर बंद झालेलं असू शकतं.

बसणं आणि पैसे

टेबलं सामायिक असतात. रिकामी खुर्ची दिसली की ‘इस्ट हिअर नॉख फ्राय?’ (ही जागा रिकामी आहे का?) विचारून बसा. मात्र ‘श्टामटिश’ अशी पाटी असलेलं टेबल रोजच्या मंडळींचं असतं, ते रिकामं दिसलं तरी सोडा. बिल देताना ‘एकत्र की वेगवेगळं?’ हा प्रश्न येतोच. टीप टेबलावर ठेवून जायची नाही, रक्कम सांगतानाच वाढवायची: 23.80 झाले तर ‘25’ म्हणा. कार्ड देणार असाल तर ते मशीनला लावण्याआधीच म्हणा. काही ठिकाणी फक्त रोख चालते, काही ठिकाणी फक्त जर्मन बँकेचं कार्ड, तेव्हा आत शिरतानाच विचारून घ्या.

नदीकाठची वेळ चुकली

जूनअखेर इथे सूर्य रात्री पावणेदहाच्या पुढे मावळतो, डिसेंबरात साडेचारलाच. संध्याकाळचा फोटो हवा म्हणून कॅथेड्रलच्या 533 पायऱ्या चढायचा बेत उन्हाळ्यात फसतो. मनोरा सूर्यास्ताच्या बराच आधी बंद होतो. शिवाय वर गेल्यावर 157 मीटर उंचीचं ते कॅथेड्रलच चित्रातून गायब! त्यापेक्षा होहेनझोलर्न पुलावरून चालत पूर्वेच्या डॉइट्स काठावर जा आणि तिथल्या रुंद पायऱ्यांवर बसा. सूर्य जुन्या शहरामागे उतरतो आणि दोन्ही मनोरे काळ्या कागदातून कातरल्यासारखे दिसतात.

बोटीचं तिकीट आधीच काढून ठेवलं असेल तर पावसाळी हवेत किंवा बर्फ वितळत असताना पाण्याची पातळी बघा. जुन्या शहराच्या काठावरच्या मनोऱ्यावर घड्याळासारखी तबकडी आहे. लहान काटा मीटर दाखवतो, मोठा डेसिमीटर. पातळी 8.30 मीटरला पोचली की जहाज वाहतूक पूर्ण थांबते. आणि पाणी शांत दिसलं तरी पोहायला उतरू नका. मालवाहू जहाज जवळून गेलं की काठचं पाणी आधी आत ओढलं जातं, मग लाट येते, आणि गुडघाभर पाण्यातल्या माणसाचाही पाय सुटतो.

रात्री दहानंतर वस्तीतल्या चौकांत घोळका करून मोठ्याने बोलू नका. ब्रुसेलर चौकातल्या अशा गलबल्याचा वाद न्यायालयापर्यंत गेला आहे. परतीच्या ट्रामचं कागदी तिकीट ‘एंटवेर्टेन’ करायचं असेल तर शिक्का मारूनच बसा. बिनशिक्क्याचं तिकीट हे तिकीटच नव्हे, दंड 60 युरो.

पायऱ्यांवर प्यायलेल्या बिअरची काचेची बाटली कचरापेटीत टाकू नका, पेटीशेजारी उभी ठेवा. तिच्यावर 8 सेंटची अनामत असते, आणि ती गोळा करणारी माणसं रात्रभर फिरत असतात.