सोलापुरात बसून विज्ञानकथा कशी रचावी: एका चादरीचं उदाहरण

सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या माणसाला जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या जोडणीच्या, पुठ्ठ्यांची माळ नवी नाही. मागाच्या डोक्यावर एकेक पुठ्ठा सरकतो. जिथे भोक असतं तिथला हुक ताण्याचा (उभा) धागा वर उचलतो, नसतं तिथला धागा खालीच राहतो, आणि त्यातून चादरीवर मोर उमटतो. फ्रान्समधल्या जकारने १८०४ च्या सुमारास बसवलेली ही युक्ती पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी घेतली. १८९० च्या अमेरिकी जनगणनेत तर भोकं पाडलेल्या कार्डांवरूनच माणसांची मोजणी झाली. भोक आहे किंवा नाही, म्हणजे एक किंवा शून्य. संगणकाची भाषा आपल्या गल्लीत आधीपासून खडखडत होती.

पहिली विज्ञानकथा लिहिणाऱ्याने कल्पना अशाच ठिकाणी शोधावी, असं माझं ठाम मत आहे. मंगळावरच्या वसाहतीचा वास कसा असेल ते आपल्याला ठाऊक नसतं, पण मागाजवळच्या तेलाचा आणि सुताच्या कोंड्याचा वास ठाऊक असतो. आठवडाभर एक वही जवळ ठेवा आणि रोज हाताळल्या जाणाऱ्या तीन गोष्टी टिपा. ती गोष्ट कशी चालते, हेही लिहा. नुसतं ‘माग’ लिहून काही उपयोग नाही.

मग त्यातल्या एकाच गोष्टीला एकच ‘जर’ लावा. दोन नकोत. परग्रहवासीही आले आणि काळप्रवासही आला, तर वाचकाला धरायला काहीच उरत नाही. आपलं ‘जर’ असं: सूर्यावरून मोठं वादळ आलं, वीज काही महिने गेली, आणि चादरीतून निरोप पाठवायची वेळ आली तर?

आता खरं काम सुरू होतं, आणि इथे घाई करू नका. आपल्याच कल्पनेला शंका विचारायच्या. शंका आली की कथा मोडली असं वाटून बरेच जण थांबतात. माझा अनुभव उलटा आहे. कथानक शंकेतूनच निघतं.

पहिली शंका: सौर वादळात मोबाइल जळतील का? नाही. वादळामुळे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हलतं, त्यातून लांबच लांब वीजवाहिन्यांत नको तो प्रवाह शिरतो आणि ट्रान्सफॉर्मर अडचणीत येतात. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातल्या क्वेबेकमध्ये अशाच वादळाने सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात होते. म्हणजे आपल्या कथेत मोबाइल धड राहील, फक्त चार्ज होणार नाही. चालू असूनही निकामी होत जाणारी वस्तू हातात धरलेला माणूस, हे दृश्य जळालेल्या मोबाइलपेक्षा कितीतरी बोलकं आहे.

दुसरी शंका: असा धोका ध्रुवांजवळ जास्त, मग सोलापूर का? शोधलं की हाती लागतं. १८५९ च्या सप्टेंबरमधलं प्रचंड वादळ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतल्या उपकरणांनी नोंदवलं होतं. आणि ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचं वीजजाळं उरलेल्या देशाशी जोडलं गेलं ते ७६५ किलोव्होल्टच्या रायचूर–सोलापूर वाहिनीने. त्यामुळे कथेला आपलं गाव ओढूनताणून आणावं लागत नाही. तरीही वादळ १८५९ पेक्षा मोठं आहे, हे एका वाक्यात सांगून टाका. तेवढी सूट वाचक देतो.

तिसरी शंका मला सगळ्यात आवडते. वीज नाही, तर यंत्रमागही बंद! मग विणणार कोण? हातमागावर पाय मारून जकार्ड चालवता येणारं कुणीतरी हवं. इथे अव्वा येते: सत्तरी ओलांडलेली, माग सुटल्यावर वर्षानुवर्षं विड्या वळून घर चालवलेली, अक्षरओळख नसलेली आजी. नायिका आपण निवडली नाही, ती शंकेने आणून दिली.

चौथी: निरोप कागदावर का लिहू नये? कारण कुणीतरी कागद शोधतंय. उजनीचं पाणी पंपांशिवाय शहरात पोहोचत नाही. समजा, डिझेल साठवलेल्या टँकरवाल्यांनी विहिरी ताब्यात घेतल्या आणि उरलेल्या विहिरींची माहिती बाळगणाऱ्यांची झडती सुरू झाली. अंगावरची चादर कोण वाचणार? खलनायकही मिळाला.

यानंतर एकदा आकडेमोड करा, शाळेतली पुरते. ४०० हुकांचं जकार्ड धरा. मधला मोर तसाच ठेवून फक्त काठाचे ४० हुक निरोपाला दिले. १,००० पुठ्ठे झाले की ४० हजार जागा, आठ जागांचा एक बाइट, म्हणून आठने भागून ५,००० बाइट. संगणकाच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे जेमतेम १,६०० चिन्हं. एका विहिरीला गाव, दिशा, अंतर मिळून ४० चिन्हं लागली तर ४० विहिरी मावतात. साठ गावं पाण्यावाचून असतील तर कोणती वीस गाळायची? अव्वाच्या नातवाने प्रत्येक चिन्हाला एकच बाइट देणारा स्वतःचा तक्ता बनवला तर जवळपास तिप्पट मजकूर मावेल, पण तो तक्ता हरवला की चादर मुकी. ही कोंडी कल्पनेने सुचली नसती, भागाकाराने सुचली.

आता पात्राला स्वतःचं काहीतरी हवं असू द्या. अव्वाला गाव वाचवण्याची हौस नाही. तिला काठात आपल्या मेलेल्या नवऱ्याचं नाव हवंय, आणि त्या नावाने एका विहिरीची जागा जाते. कथा इथे उभी राहते.

माहिती भाषणातून देऊ नका, कामातून द्या:

“अव्वा, थांबलीस का?”

“काठ बघ. हा पुठ्ठा मघाशी येऊन गेलाय, तू दोनदा ओवलास.”

“तुला तर वाचता येत नाही.”

“हाताला कळतं की रे.”

एवढ्यात वाचकाला पुठ्ठ्यांचा क्रमही कळतो आणि अव्वाही कळते.

आराखडा एका पानात बसवा: वीज जाते, माग सापडतो, काठात काय घालायचं यावरून भांडण, झडती, चादर वेशीबाहेर. शेवट आधी लिहून ठेवलात तर मधला भाग भरकटत नाही. कच्चा खर्डा सलग लिहा, दुरुस्ती नंतर.

खर्डा दोघांना वाचायला द्या: एक विणकाम जाणणारा, दुसरा भौतिकशास्त्र शिकवणारा. ‘आवडली का’ असं न विचारता ‘कुठे पटलं नाही’ एवढंच विचारा आणि उत्तर मध्येच न तोडता लिहून घ्या. मराठी विज्ञान परिषद विज्ञानकथांची स्पर्धा घेते, दिवाळी अंकही नव्या लेखकांच्या कथा घेतात. पाठवण्याआधी त्यांची शब्दमर्यादा पाहा. कापायची वेळ आली तर आधी सूर्याचं वर्णन कापा, अव्वाचे हात राहू द्या.