तिकीट, कमिट आणि बिल्ड एकाच ग्राफमध्ये कसे जोडावेत

कोड आणि त्यातील प्रत्येक बदलाची नोंद, म्हणजे कमिट, गिटमध्ये, चुकांच्या नोंदी, म्हणजे तिकिटे, तिकीट-प्रणालीत आणि बिल्डचा, म्हणजे कोडपासून तयार केलेल्या चालण्याजोग्या आवृत्तीचा, तपशील तिसऱ्याच सर्व्हरवर असला की, अमुक चूक कोणत्या आवृत्तीत दुरुस्त झाली, एवढे शोधायलाही अर्धी दुपार जाते. ही सर्व माहिती आरडीएफमध्ये, म्हणजे कर्ता, संबंध आणि कर्म अशा त्रिपदी विधानांत मांडली, तर या विधानांचे एक जाळे, म्हणजे ग्राफ, तयार होते आणि उत्तर स्पार्कल या आरडीएफच्या प्रश्नभाषेतील एका क्वेरीने मिळते. त्यासाठी आधी संपूर्ण ऑन्टोलॉजी, म्हणजे वस्तूंचे प्रकार आणि त्यांच्यातील संबंधांचा आराखडा, रचून घ्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नये. तीन प्रश्न कागदावर लिहावेत आणि त्यांच्या उत्तरांना लागेल तेवढीच माहिती जोडावी.

शब्दसंग्रह, म्हणजे संबंध आणि गुणधर्मांची ठरलेली नावे, स्वतः घडवू नये. प्रकल्पाच्या वर्णनासाठी डोॲप, तिकिटांसाठी ओएसएलसी, कोणत्या कमिटपासून कोणते बिल्ड झाले हे सांगण्यासाठी वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेचे 2013 चे प्रोव्ह-ओ आणि परवान्यांसाठी एसपीडीएक्स हे तयार शब्दसंग्रह पुरेसे आहेत. माहिती त्या प्रणालींच्या एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रामना माहिती देणाऱ्या सोयीतून, काढून टर्टल या आरडीएफच्या मजकूर-स्वरूपात लिहिणारी स्क्रिप्ट एका दिवसात होते.

खरी अडचण प्रत्येक वस्तूला आयआरआय, म्हणजे कायमचे नाव, देताना येते. तिकिटाच्या पानाचा ब्राउझरमधला पत्ता उचलून तोच आयआरआय म्हणून वापरण्याचा मोह सर्वांना होतो आणि मलाही झाला होता. पुढे सर्व्हरचे नाव बदलले, काही तिकिटे दुसऱ्या प्रकल्पात हलवल्यामुळे त्यांचे क्रमांक बदलले आणि ग्राफमधील निम्मे दुवे कुठेच जाईनासे झाले. म्हणून आयआरआय आपल्या ताब्यातील डोमेनवरच असावा, त्यात साधनाचे नाव नसावे आणि तिकिटासाठी पडद्यावर दिसणाऱ्या क्रमांकाऐवजी त्या प्रणालीचा न बदलणारा अंतर्गत क्रमांक घ्यावा. दिसणारा क्रमांक केवळ लेबल म्हणून नोंदवावा. कमिटसाठी पूर्ण हॅश, म्हणजे त्याच्या आशयावरून काढलेली ओळख-खूण, घ्यावा, जो एसएचए-1 या पद्धतीत 40 अक्षरांचा असतो. सात अक्षरांचे संक्षिप्त रूप माणसांच्या सोयीसाठी आहे, ते ओळख म्हणून वापरू नये. रिबेस केल्यावर, म्हणजे कमिट दुसऱ्या पायावर पुन्हा रचल्यावर, हॅश बदलतो, हे लक्षात घेऊन मुख्य शाखेत विलीन झालेलेच कमिट ग्राफमध्ये घ्यावेत.

दुसरा सापळा माणसांचा आहे. गिटमधील लेखक आणि तिकिटावरील जबाबदार व्यक्ती एकच आहे हे सांगण्यासाठी मी माणसांच्या वर्णनासाठीच्या फोफ शब्दसंग्रहातील एमबॉक्स हा ईमेल नोंदवणारा गुणधर्म वापरला. तो 'इन्व्हर्स फंक्शनल' आहे, म्हणजे ज्यांचा ईमेल एक त्या व्यक्ती एकच, असा निष्कर्ष रीझनर, म्हणजे असलेल्या विधानांवरून नवी विधाने काढणारा प्रोग्राम, आपणहून काढतो. आमच्या बिल्ड-सर्व्हरचा सामायिक ईमेल तीन सहकाऱ्यांच्या कमिटवर होता. रीझनर चालवताच तिघांची मिळून एक व्यक्ती झाली आणि तिच्या नावावर सगळ्यांचीच तिकिटे जमा झाली! ओडब्ल्यूएल या ऑन्टोलॉजी लिहिण्याच्या भाषेतील 'सेम ॲज', म्हणजे दोन नावे एकाच वस्तूची आहेत असे सांगणारा संबंध, हेही तितकेच निर्दय असते: एका वस्तूचे सर्व गुणधर्म ते दुसरीला लावते. ते टाळावे. जुळणी स्वतंत्र तक्त्यात ठेवून माणसाने तपासावी आणि स्क्रिप्टने ती वाचून सुरुवातीपासूनच एक आयआरआय द्यावा.

बाकीचे सोपे आहे. ग्राफ साठवून क्वेरींना उत्तरे देणारा अपाची जेनाचा फुसेकी सर्व्हर उतरवून चालू करावा. तो मूळ मांडणीत 3030 या पोर्टवर मिळतो. प्रत्येक स्रोतासाठी वेगळा नामांकित ग्राफ ठेवावा, म्हणजे तिकिटांची माहिती बिघडली तर तेवढाच ग्राफ रिकामा करून पुन्हा भरता येतो. भरण्यापूर्वी शॅकल या आरडीएफ तपासण्याच्या भाषेतील नियम लावून तपासणी करावी. प्रत्येक बिल्डला किमान एक कमिट असलाच पाहिजे, हा पहिला नियम.

माहिती भरल्यावर सर्वांत आधी एकच क्वेरी चालवावी: ज्यांचा उल्लेख कमिटमध्ये आहे, पण ज्यांच्याविषयी ग्राफमध्ये दुसरे एकही विधान नाही, अशी तिकिटे कोणती? यादी लांबलचक आली तर दोष बहुधा स्क्रिप्टचा असतो, कारण एका स्क्रिप्टने आयआरआयच्या शेवटी तिरकी रेघ जोडलेली असते आणि दुसरीने नाही, आणि आरडीएफच्या दृष्टीने त्या दोन निराळ्या वस्तू ठरतात.