ढगातल्या थेंबाचा पृष्ठताण गणितात घेताना या चुका टाळा

एअरोसोलवर, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांवर, प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अहवालात एक वाक्य हमखास सापडतं: "सर्फॅक्टंटमुळे पृष्ठताण कमी होतो, म्हणून ढगाचे थेंब सहज तयार होतात." यातलं तत्त्व खरं आहे. (सर्फॅक्टंट म्हणजे साबणासारखे, पृष्ठभागावर गोळा होणारे पदार्थ.) कोलर यांनी १९३६ साली मांडलेल्या सिद्धांतानुसार थेंब जितका लहान, तितकं त्याच्या वक्र पृष्ठभागावरून पाणी लवकर उडतं. उलट, त्यात विरघळलेला पदार्थ पाण्याला धरून ठेवतो. या ओढाताणीत थेंबाला एक उंबरठा ओलांडावा लागतो, त्याला आपण क्रांतिक अतिसंपृक्तता म्हणतो, म्हणजे हवेतली आर्द्रता शंभर टक्क्यांच्या किमान किती वर जायला हवी ते. पृष्ठताण १० टक्के घटला की हा उंबरठा सुमारे १५ टक्क्यांनी खाली येतो. इटलीतल्या पो नदीच्या खोऱ्यातल्या धुक्याच्या पाण्यात पृष्ठताण शुद्ध पाण्यापेक्षा जास्तीत जास्त एक तृतीयांशाने घटल्याचं फाक्किनी आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवलं, तेव्हापासून या विषयाला जोर चढला. घोळ होतो तो हे तत्त्व आकड्यांत उतरवताना.

मोठ्या थेंबाचा आकडा लहान थेंबाला लावणे

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. सुईच्या टोकाला लटकणाऱ्या दोनेक मिलिमीटरच्या थेंबावर पृष्ठताण मोजायचा, समजा ४५ मिलिन्यूटन प्रति मीटर आला, आणि तोच आकडा ढगातल्या सूक्ष्म थेंबाच्या समीकरणात भरायचा. इथे पृष्ठभागाचं गणित आडवं येतं. कणकेच्या एका गोळ्याला चोपडायला जेवढं तूप पुरतं, तेवढं त्याच कणकेचे शंभर बारीक गोळे केल्यावर पुरत नाही.

सोडियम डोडेसिल सल्फेट हा प्रयोगशाळेतला नेहमीचा सर्फॅक्टंट घ्या. त्याने पृष्ठभाग पूर्ण झाकायला दर चौरस मीटरला साधारण ३ मायक्रोमोल लागतात. १ मिलिमीटर व्यासाच्या थेंबात त्यासाठी लिटरमागे जेमतेम ०.०१८ मिलिमोल खर्च होतात, म्हणजे नगण्यच. १ मायक्रोमीटरच्या थेंबात तोच खर्च १८ मिलिमोल आणि ०.१ मायक्रोमीटरला १८० मिलिमोल. चंचुपात्रात हा पदार्थ ८ मिलिमोलच्या आसपासच मायसेल, म्हणजे रेणूंचे पुंजके, बनवू लागतो आणि पृष्ठताण तळाला टेकतो. म्हणजे चंचुपात्रात भरपूर वाटणारं प्रमाण थेंबात पृष्ठभागसुद्धा झाकू शकत नाही. ब्झ्डेक आणि सहकाऱ्यांनी २०२० साली काही मायक्रोमीटरच्या थेंबांवर थेट मोजमाप करून हेच दाखवलं: एकूण प्रमाण तेच असूनही लहान थेंबाचा पृष्ठताण जास्त भरतो.

उपाय सोपा आहे, पण टाळला जातो. एकूण सर्फॅक्टंट बरोबर आतला अधिक पृष्ठभागावरचा, हा जमाखर्च आधी मांडा आणि पृष्ठताणाचं समीकरण त्याच्यासोबतच सोडवा. त्यातून दुसरी गोष्टही सुटायची नाही: पृष्ठभागावर गेलेले रेणू आतून कमी होतात, त्यामुळे पाणी धरून ठेवण्याची शक्तीही घटते. सोर्यामा आणि सहकाऱ्यांनी २००४ साली हे नीट मांडलं. एका हाताने मिळालेला फायदा बऱ्याचदा दुसऱ्या हाताने जातो.

मात्र यावरून सर्फॅक्टंट निकालात काढू नका. आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या मेस हेड इथल्या निरीक्षणांतून २०१७ साली दिसलं, की सेंद्रिय पदार्थ वेगळा थर धरून पृष्ठभागावर पसरला तर पृष्ठताणाचा परिणाम वरचढ ठरू शकतो.

एकच परिणाम दोनदा मोजणे

सीसीएन काउंटरच्या (ज्यांच्यावर ढगाचे थेंब बनतात ते कण मोजणाऱ्या यंत्राच्या) मापनातून कॅपा, म्हणजे कण पाणी किती ओढतो याचा आकडा, काढताना पृष्ठताण शुद्ध पाण्याइतका, ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, धरलेला असतो. कणाचा खरा पृष्ठताण कमी असेल, तर तो परिणाम त्या कॅपात आधीच मिसळलेला आहे. खरा पृष्ठताण ६० असेल, तर निघालेला कॅपा सुमारे १.७ पट फुगलेला असतो. तोच कॅपा ठेवून पुढे मॉडेलमध्ये पृष्ठताणही ६० केला, की थेंब कागदावर भराभर सक्रिय होतात, म्हणजे उंबरठा ओलांडून वाढू लागतात. कॅपा कुठल्या मापनातून आला, ते वहीत त्याच्या शेजारीच लिहा.

मापनातला गोंधळ

नमुना लावण्याआधी शुद्ध पाणी मोजा. २५ अंश सेल्सिअसला ७२ आलं पाहिजे. ६८ आलं तर आधी भांडं तपासा: साबणाचा अंश, बोटांचा तेलकटपणा, प्लास्टिकच्या नळीतून उतरलेलं काहीतरी. फिल्टरवरचे कण भरपूर पाण्यात धुऊन काढले आणि ७१ आलं, म्हणून "सर्फॅक्टंट नाहीत" असंही लिहू नका. सक्रिय होण्याच्या क्षणी खरा थेंब त्या पाण्यापेक्षा कितीतरी पट संहत असतो. तापमानाची नोंद हवीच, कारण शून्य अंशाला शुद्ध पाणीच ७५.६ दाखवतं. आणि नुसतं मीठ पृष्ठताण किंचित वाढवतं, पण सर्फॅक्टंटसोबत असलं की त्याला पृष्ठभागाकडे ढकलतं. म्हणून मिठाविना घेतलेली मापनं समुद्री कणांना लावू नयेत.

नको तिथे परिणाम शोधणे

महाबळेश्वरला पावसाळ्यात ढग जमिनीला टेकतात आणि आयआयटीएमची (पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची) उंचावरची प्रयोगशाळा त्यांच्यातच उभी असते. अशा ठिकाणच्या सीसीएनच्या आकड्यांत पृष्ठताणाचा ठसा शोधायचा मोह होतो. पण २०० नॅनोमीटरचा मिठाचा कण ०.०४ टक्के अतिसंपृक्ततेलाच सक्रिय होतो. त्याला सर्फॅक्टंटची गरजच नाही. ५० नॅनोमीटरचा, कॅपा ०.१ असलेला सेंद्रिय कण मात्र कुंपणावर असतो: पृष्ठताण ७२ धरला तर १.०५ टक्के लागतात, ६० असला तर ०.८. म्हणून आधी कणांचं आकारमान आणि सेंद्रिय वाटा पाहा. असे बारीक कण पुरेसे नसतील, तर पृष्ठताण ७२ ठेवून पुढे चला.