दिवाळीच्या फराळानंतरचा डिटॉक्स, घरच्याच जेवणावर, दोन आठवडे

भाऊबीज झाली की आमच्याकडे डब्यांच्या तळाशी चकलीचा चुरा, चार शंकरपाळ्या आणि कुणीतरी दिलेली सोनपापडी उरलेली असते आणि सगळ्यांचे कपडे घट्ट झालेले असतात. मग मोबाईलवर तीन दिवसांत पाच किलोवाल्या जाहिराती यायला लागतात. तीन वर्षांपूर्वी मी असंच ज्यूसवालं डिटॉक्स केलं होतं, तीन दिवस नुसते रस, चावून काही खायचं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओट्यापाशी उभी होते तर डोळ्यांपुढे अंधारी आली, तशीच खाली बसले, नशीब गॅसवर काही नव्हतं. अडीच किलो कमी झाले होते ते आठवड्यात जसेच्या तसे परत.

ते परत का आले हे समजून घेतलं आणि तेव्हापासून दरवर्षी मी वेगळ्या पद्धतीने करते, तीच इथे सांगतेय. आपलं शरीर लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन म्हणून साखरेचा साठा ठेवतं आणि त्याच्या एका ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. खाणं बंद केलं की आधी हा साठा संपतो आणि ते पाणी निघून जातं, काटा खाली येतो, आपण खूश. चरबी तेवढ्यात फारशी हललेलीच नसते. आणि विषारी द्रव्यं बाहेर काढायचं म्हणाल तर ते काम लिव्हर आणि किडनी रोज करतातच, किडनीतून दिवसाला जवळपास 180 लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातलं बहुतेक सगळं परत आत घेऊन लघवी होते फक्त दीड-दोन लिटर. बाहेरून एखादा रस ओतून हे काम जोरात होत नाही. आपल्या हातात एवढंच, की त्यांच्यावरचा भार कमी करायचा: साखर, तेल, मीठ, दारू, अवेळी जेवण, अपुरी झोप. होलिस्टिक, म्हणजे सगळ्या सवयींकडे एकत्र बघणं, म्हणतात ते हेच, आणि आपल्याकडे त्याला दिनचर्या हा चांगला शब्द आहे.

आता आधी हे वाचा. डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण गोळी तीच आणि जेवण निम्मं असं झालं की शुगर एकदम खाली जाते. किडनीचा त्रास असेल तर नारळपाणी, पालकाचे रस, बीटचे रस स्वतःच्या मनाने नकोत. रक्त पातळ करायची वॉरफेरिनसारखी गोळी असेल तर पालेभाज्या एकदम वाढवू नका, त्यातल्या व्हिटॅमिन के मुळे गोळीचा हिशेब बिघडतो. गरोदर बायका, बाळाला पाजणाऱ्या आया आणि वाढत्या वयाची मुलं यांनी यात पडूच नये. पंचकर्म करायचंय तर वैद्यांकडेच, घरी एरंडेल पिऊन ते होत नाही.

सुरुवात करायच्या आधी तीन दिवस काही बदलू नका, फक्त लिहून काढा. तोंडात जातं ते सगळं, डब्यातून येताजाता उचललेली शंकरपाळीसुद्धा. चहा खास लिहा. आमच्याकडे दिवसाला चार चहा, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे आठ चमचे, एका चमच्याला चार-पाच ग्रॅम धरले तरी 32 ते 40 ग्रॅम साखर नुसत्या चहातून. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्यात त्यात साखर दिवसाला 20-25 ग्रॅमच्या आतच ठेवायला सांगितलीय. तेलाचा हिशेबही तसाच. त्याच सूचनांमध्ये 2000 कॅलरीच्या आहाराला माणशी दिवसाला तेलतूप मिळून 27 ग्रॅम धरलंय, म्हणजे चार माणसांच्या घराला महिन्याला सव्वातीन किलोच्या आसपास. आपल्याकडे महिन्याला किती पिशव्या येतात ते मोजा, त्यात तूप आणि बटर वेगळं मिळवा, मी मोजलं तेव्हा बराच वेळ किराणाची यादी हातात धरून बसले होते. कंबर टेपने मोजून लिहून ठेवा, बायकांची 80 सेंटीमीटरच्या वर आणि पुरुषांची 90 च्या वर असेल तर लक्ष द्यायला हवं. काट्यापेक्षा टेप जास्त खरं सांगते.

उरलेला फराळ वाटून टाका. घरात असला की खाल्ला जातोच.

चहा एका दिवसात बंद करू नका, डोकं धरतं, दोन-तीन दिवस चिडचिड होते आणि माणूस चौथ्या दिवशी सगळंच सोडून देतो. चारचे दोन करा आणि साखर दोन चमच्यांवरून दीड, मग एक, मग अर्धा, असं दोन आठवड्यांत करा, जिभेला सवय लागते. साखरेऐवजी गूळ घातला म्हणून काही वाचत नाही, गूळही साखरच. सकाळी कोमट पाणी लिंबू मध घेणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं, पाणी पोटात जातंय ते चांगलंच, पण त्याने चरबी वितळत नाही आणि मधाचा मोठा चमचा म्हणजे साठेक कॅलरी आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, रात्रीचं जेवण. माझ्या अनुभवात दोन आठवड्यांत जो फरक पडतो त्यातला निम्मा फक्त याने पडतो. आपल्याकडे दिवसभर धावपळ, सकाळी पोळीभाजीचा डबा, आणि रात्री साडेनऊ-दहाला टीव्हीसमोर पोळी, भाजी, वरणभात, लोणचं, पापड, वर सकाळचं उरलेलं वाया नको म्हणून, आणि अकराला आडवं. याच्या जागी साडेसात-आठपर्यंत जेवायचं आणि ते दुपारच्यापेक्षा कमी हवं. माझे मिस्टर नऊच्या आधी येत नाहीत त्यामुळे पहिल्या वर्षी हे जमलंच नाही, एकटीने जेवायचं जिवावर यायचं. मग असं केलं की मी साडेसातला मुलांबरोबर भाकरी-भाजी खाते आणि ते आले की त्यांच्यासोबत वाटीभर टोमॅटोचं नाहीतर कोकमचं सार घेऊन बसते, गप्पाही होतात. जेवल्यावर शतपावली, खरं म्हणजे पंधरा मिनिटं तरी. आणि उरलेलं वाया जातं ही खंत असेल तर मुळात कमी करा, माझी सासू म्हणायची की उरलेल्या अन्नासाठी पोट म्हणजे डबा नव्हे, ते मी फ्रिजवर लिहूनच ठेवलंय.

रात्रीला काय करायचं तर मूग डाळीची मऊ खिचडी आणि वर एकच चमचा तूप, ज्वारीची भाकरी आणि शेपू किंवा चाकवत, कुळथाचं कढण आणि थोडा भात, नाहीतर भाकरी-पिठलं, पण पिठल्यावर तेलाचा तवंग नको. मेथी, मुळा, पालक या दिवसांत बाजारात भरपूर आणि स्वस्त असतात. मुळ्याचा पाला टाकू नका, पीठ पेरून भाजी करा. दुपारच्या ताटात आधी भाजी-कोशिंबीर वाढून घ्या, अर्धं ताट त्याचं, मग उसळ किंवा वरण, आणि उरलेल्या जागेत पोळी, भाकरी किंवा भात, तिन्ही नाही. पोषण संस्थेच्या ताटात दिवसाला 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळं आहेत, एकदा वजन करून बघा, आपण त्याच्या अर्ध्यावरही नसतो. डाळी-उसळी मात्र कमी करायच्या नाहीत, प्रोटीन कमी पडलं तर चरबीबरोबर स्नायूही झडतात. अंडी मासे खात असाल तर चालू ठेवा, फक्त तळलेली सुरमई नको, कालवण करा.

एक चूक टाळा. पालेभाज्या आणि मोडाची कडधान्यं पहिल्याच दिवशी दुप्पट केली की पोट फुगतं, गॅस होतो, आणि लोक म्हणतात मला हे मानवत नाही. मटकीची उसळ पहिल्या आठवड्यात दोनदाच, हिंग-जिरं घालून, नीट शिजवून, पाणी वाढवून, मग दुसऱ्या आठवड्यात वाढवा. दुपारी पातळ ताक, मीठ न घालता जिऱ्याची पूड टाकून. पोट साफ होण्यासाठी डिटॉक्स टी आणू नका, अशा चहांमध्ये बऱ्याचदा सोनामुखी असते, ती जुलाबाचं औषध आहे, जातं ते पाणी, आणि रोज घेतली तर आतड्याला तिची सवय लागू शकते.

दुधीच्या रसाबद्दल वेगळं लिहिते कारण हा रस घरोघरी पितात. दुधी कधीकधी कडू निघतो, त्यात कुकुरबिटासिन नावाचं विष असतं, त्याने उलट्या, रक्ताची उलटी, रक्तदाब एकदम खाली जाणं असं होतं आणि माणसं दगावलीयत. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी याचा अभ्यास करून सांगितलंय की रस कडू लागला तर टाकून द्यायचा आणि दुसऱ्या रसात मिसळायचा नाही. औषध कडूच असतं म्हणून नाक दाबून पिऊ नका. मी तर म्हणते रस कशाला, दुधीची मूगडाळ घालून भाजी करा, चिरताना एक तुकडा चाखा, कडू लागला तर थुंकून टाका आणि अख्खा दुधी फेका.

या दोन आठवड्यांतच कार्तिकी एकादशी येते, पाडव्यापासून अकरावा दिवस. एकादशी दुप्पट खाशी हे सगळ्यांच्या घरी खरं आहे, साबुदाणा खिचडी, वडे, बटाट्याचा कीस, वेफर्स. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च आणि त्यावर दाण्याचं कूट आणि तूप. उपास करणार असाल तर भगर, काकडीची कोशिंबीर, रताळं उकडून, दही, फळं, एवढ्यावर दिवस छान जातो. मग तुळशीचं लग्न, तिथे ठेवलेले आवळे घरी आणा, कार्तिकात आवळीभोजनाची पद्धत आहे ती याच दिवसांत. आवळा किसून दह्यात कोशिंबीर करा किंवा रोज एक नुसता मीठ न लावता खा, मुरांबा नको.

झोप सात तास हवी, नाहीतर दुसऱ्या दिवशी गोड खावंसं वाटतंच, मी हे स्वतःवर कितीदा बघितलंय. सकाळी अर्धा तास भरभर चाला, बोलता यावं पण गाता येऊ नये इतकं. फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला ठेवा.

वजन किती उतरेल? आठवड्याला अर्धा ते एक किलो, म्हणजे दोन आठवड्यांत एक-दोन किलो, आणि कंबर बोटभर. पाच किलो उतरले तर घाबरा. चक्कर आली, छातीत धडधडलं, हातपाय थरथरले तर लगेच खा आणि थांबा, डॉक्टरांना दाखवा.

पंधराव्या दिवशी सगळं एकदम परत आणू नका. मी आधी रविवारची एक गोड वाटी परत आणते, त्याच्या पुढच्या आठवड्यात महिन्यातून दोनदा तळण असं ठरवते. रात्रीची वेळ आणि चहातली साखर मात्र परत आणत नाही. मागच्या वर्षी या दोन गोष्टी होळीपर्यंत टिकल्या, मग पुरणपोळ्या आल्या, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसातला मी परत भाकरी थापायला बसले.