मोटरबोटीचं डिझेल नेमकं कुठे जातं? या चुका टाळा

क्रूझर बोट घेतलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला: "ॲव्हरेज किती देते?" मग धक्क्यावरचं कोणीतरी एक आकडा सांगतं. तो कुठल्या वेगाचा, बोटीत किती वजन असतानाचा, तळ किती स्वच्छ असतानाचा, हे सांगणारा सांगत नाही आणि ऐकणारा विचारत नाही. मुंबई, मांडवा, रेवदंडा, मुरूड या पट्ट्यात मी बोटींची इंजिनं बघतो. "डिझेल फार खाते" म्हणून बोलावणं आलं, की इंजिनात दोष क्वचितच सापडतो. बहुतेक वेळा चूक चालवण्यात किंवा तळाशी असते.

"मध्यम वेगाने चालवली की स्वस्त पडते"

ही सगळ्यांत महागडी चूक. मोटारीला साठच्या वेगात ॲव्हरेज चांगलं मिळतं, म्हणून लोक बोटही ना हळू ना जोरात, अशी बारा-तेरा नॉटला (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) चालवतात. पाण्यात हे गणित उलटं आहे.

बोट पुढे जाताना स्वतःची लाट उभी करते. पाण्यालगतची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा. ३० फुटांना साधारण ७.३ नॉट येतात. त्याच्या आत राहिलात तर बोट कमी ताकदीत सरकते. त्यापुढे गेलात की ती आपल्याच लाटेवर चढू लागते, मागची बाजू बसते, नाळ, म्हणजे पुढचं टोक, आभाळाकडे जाते. पुरेशी ताकद दिली तर ती लाट ओलांडून पाण्यावर वर येते आणि पळू लागते. मधल्या टप्प्यात मात्र ती नुसती चढावर अडकून राहते. बारा-तेरा नॉट म्हणजे हाच टप्पा.

दोन ३०० अश्वशक्तीची डिझेल इंजिनं असलेली ३४-३५ फुटी बोट घ्या. ७ नॉटला दोन्ही मिळून तासाला १४ लिटरच्या आसपास जातात, म्हणजे सागरी मैलाला २ लिटर. साडेबारा नॉटला तासाला ७० लिटर, मैलाला साडेपाच. २० नॉटला तासाला ९५ लिटर, पण मैलाला पावणेपाच. लिटरला ९० रुपये धरले तर मैलाला अनुक्रमे १८०, ५०० आणि ४३० रुपये. मधल्या वेगाला सगळ्यांत जास्त पैसे जातात, आणि वर प्रवासही धड वेगाने होत नाही.

एका गृहस्थांनी अशीच बोट सेकंडहँड घेतली. विकणाऱ्याने "मैलाला दोन लिटर" सांगितलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. गेटवे ते मुरूड चाळीसेक मैल, जाऊन-येऊन ऐंशी, म्हणजे १६० लिटर. यांनी ३०० लिटर मोजून भरलं आणि पाहुणे घेऊन निघाले, "मध्यम" वेगाने. मुरूडला पोहोचेपर्यंत २२० लिटर गेलं होतं. इंधनाचा काटा खाली आलेला दिसत होता, पण हिशोबात बसत नाही म्हणून त्यांनी काटाच बिघडलाय असं ठरवलं. दुपारनंतर उत्तरेकडे परतायचं म्हणजे वायव्येचा वारा आणि लाटा तोंडावर. कोर्लईच्या जवळ आले तेव्हा टाकीत तळाचं डिझेल उरलं होतं. बोट आदळत होती, त्यामुळे वर्षानुवर्षांचा गाळ उठला आणि फिल्टरमध्ये बसला. आधी एक इंजिन गेलं, पाच मिनिटांत दुसरं. बोटीवर लहान मुलं होती, आणि दीपगृहाखालचे खडक जवळ येत होते. नांगराला पुरेसा दोर बांधलेला होता म्हणून बोट धरली गेली.

रेवदंड्याच्या एका तांडेलाने (मच्छीमार होडीच्या प्रमुखाने) आपली होडी वळवून त्यांना टोचन करून खाडीत आणलं. मी डिझेलचे कॅन आणि फिल्टर घेऊन अलिबागहून गाडीने गेलो. इंजिनं ठणठणीत होती. फिल्टरच्या वाटीत काळा चिखल होता. मालक म्हणाले, "मी तर सावकाशच चालवत होतो." त्यांचा हेतू चांगला होता, म्हणूनच मला त्या दिवशी जास्त वाईट वाटलं. ही एक गोष्ट त्यांना कोणीतरी बोट विकतानाच सांगायला हवी होती.

माझी सवय सरळ आहे. सातच्या आत चालवतो, नाहीतर पूर्ण वर काढून चालवतो. मधून जाताना रेंगाळत नाही: ट्रिम टॅब (बोटीच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) खाली, थ्रॉटल ठामपणे पुढे, आणि बोट वर आली की जिथपर्यंत ती वर टिकते तिथपर्यंत आरपीएम परत कमी. समुद्र इतका खवळला असेल की वर टिकत नाही, तर मुकाट्याने सातला येतो. उशीर होतो, होऊ दे. ज्यांना अर्धा तास धीर धरवत नाही त्यांनी समुद्रात जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्वतःच्या बोटीचा तक्ता नसणे

तासाला किती लिटर हा आकडा एकटा निरुपयोगी आहे. मैलाला किती लिटर ते काढा, आणि तेही स्वतःच्या बोटीवर. फ्लो मीटर नसेल तर टाकी काठोकाठ भरा, एकाच आरपीएमला दोन तास चालवा, परत भरा. जीपीएसचा वेग जाताना आणि येताना दोन्ही वेळा लिहा, म्हणजे प्रवाहाचा फरक सरासरीत निघून जातो. कागद सुकाणूपाशी चिकटवा. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव: हा जुना नियम मी मोडत नाही. मच्छीमार सोसायटीच्या होड्यांना मिळणारा व्हॅटचा परतावा आपल्याला नाही, म्हणून राखीव डिझेलात काटकसर करणारे भेटतात. तिथे करू नका.

काट्यावर विसंबू नका. खाली निमुळत्या होत जाणाऱ्या टाकीत काटा अर्ध्यावर असतो तेव्हा डिझेल अर्ध्याहून कमी असतं.

तळ न बघता इंजिन उघडणे

ही चूक मला खरोखर संताप आणते. मुंबई बंदराच्या उबदार पाण्यात बोट बोयाला (नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला) बांधून नुसती उभी राहिली तरी तळावर शेवाळ आणि बार्नॅकल (कवचाचे चिकटणारे जीव) धरतात, पंख्यावर, म्हणजे प्रोपेलरवर, तर आधी. वेग दोन नॉटने पडतो, धूर काळा होतो, डिझेल वाढतं. मग घाईघाईने इंजेक्टर काढले जातात, टर्बो उघडला जातो, बिल होतं आणि वेग तेवढाच राहतो. आधी पाणबुड्या खाली पाठवा. पंखा खरवडून घ्यायला एक सकाळ पुरते.

याची साधी परीक्षा आहे. तळ नुकताच स्वच्छ असताना, नेहमीच्या वजनासह पूर्ण थ्रॉटलला इंजिन किती आरपीएम गाठतं ते लिहून ठेवा. मॅन्युअलमध्ये ३८०० असेल तर ३८०० किंवा थोडं जास्त यायला हवं. काही महिन्यांनी ३५०० वर अडकलं, तर इंजिनाला ओझं वाढलंय. तळ आणि पंखा स्वच्छ असूनही पहिल्यापासून ३५०० च येत असेल, तर पंखा मोठा आहे. "मोठा पंखा लावा, कमी आरपीएमला तोच वेग" असा सल्ला देणारे खूप आहेत. अशा बोटीचं इंजिन सतत ओव्हरलोडमध्ये चालतं, एक्झॉस्ट तापतो, आणि डिझेलात वाचलेले पैसे व्हॉल्व्ह आणि पिस्टनवर जातात.

बाकीच्या, थोडक्यात

भरती-ओहोटी न बघणे: ७ नॉटच्या बोटीला २ नॉटचा उलटा प्रवाह मिळाला तर मैलामागे डिझेल ४० टक्क्यांनी वाढतं. ओहोटीबरोबर बंदराबाहेर पडा, भरतीबरोबर आत या. उधाणाच्या दिवसांत हे पाळाच, भांगाला (भरती-ओहोटीचा जोर कमी असतो त्या दिवसांत) थोडी सवलत आहे.

एक इंजिन बंद ठेवून चालवणे: बचत किरकोळ. काही गिअरबॉक्सना बंद इंजिनात पंखा फिरत राहिलेला चालत नाही, तेल फिरत नाही आणि बेअरिंग जातात. मॅन्युअल वाचल्याशिवाय हे करू नका.

वजन: गोड्या पाण्याची ५०० लिटरची टाकी म्हणजे अर्धा टन. मांडव्याला जेवायला जायला ती भरलेली कशाला हवी?

"वर्षाचा खर्च किमतीच्या १० टक्के" हा हिशोब जुन्या बोटीला लावणे: बोट स्वस्तात मिळाली तरी तिचे सुटे भाग नव्या बोटीच्याच भावाने येतात. टक्केवारी लावायचीच तर तशाच नव्या बोटीच्या किमतीवर लावा. आणि वर्षात जेमतेम पन्नास तास चालणाऱ्या बोटीत डिझेल हा मोठा खर्च नसतोच. मुरिंग (बोट बांधायची जागा), विमा, खलाशाचा पगार, पावसाळ्याआधी बोट वर काढणं, अँटीफाउलिंग (तळावर शेवाळ धरू न देणारा) रंग, झिंक (गंज स्वतःवर घेणारे जस्ताचे तुकडे) हे सगळं बोट उभी असली तरी लागतं. समुद्राच्या पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर मी दरवर्षी बदलतो, चांगला दिसत असला तरी. त्याची एक पाती तुटून कूलरमध्ये अडकली, की तापलेल्या इंजिनाचं हेड काढावं लागतं.